रोल गेला, जपणूक जाऊ नये

हल्ली काही तरुण फोटोग्राफर पुन्हा रोलच्या कॅमेऱ्याकडे वळत आहेत. हौस म्हणून ठीक. पण धंदा हिशेबावर चालतो. रोलमध्ये ३६ फोटो, धुलाईचा खर्च वेगळा, आणि निकाहच्या फोटोतली चूक कळायची ती रोल धुतल्यावर. डिजिटलमध्ये ती जागेवरच दिसते. कोडॅकने १९७५ साली डिजिटल कॅमेरा बनवला, पण फिल्मचा नफा सोडायला उशीर केला. २०१२ मध्ये दिवाळखोरीचा अर्ज करावा लागला.

मात्र निगेटिव्ह वर्षानुवर्षे दुकानात टिकायची. हार्डडिस्क एका क्षणात बंद पडते. म्हणून स्टुडिओवाल्या बंधूंनो, कॅमेरा डिजिटल वापरा, पण प्रत्येक कामाच्या दोन प्रती दोन ठिकाणी ठेवा. गिऱ्हाइकाचे फोटो ही आपल्याकडची अमानत आहे.