कुळाचा अंगठा आणि सरकारची तारीख



गिरणीत राजीनामा म्हणजे काय ते आम्हाला कुणी शिकवायला नको. कागद द्यायचा, हिशेब घ्यायचा, फाटकाबाहेर पडायचं. पण जुन्नर तालुक्यात, आमच्या निमगाव सावात, हा शब्द आमच्या कानावर पडला तो गिरणीच्या आधी, वावराच्या बाबतीत. आमच्या आज्यानं राजीनामा दिला होता. नोकरीचा नव्हे, जमिनीचा! साडेचार एकर बाजरीचं वावर. त्यातले दगड त्यानं वेचलेले, बांध त्यानं घातलेला. मालक घरी आला, घोंगडीवर बसला, चहा प्याला. म्हणाला, "कागदावर नुसता अंगठा दे, वावर तूच करशील." आज्यानं अंगठा दिला. पुढल्या मृगाला वावरात दुसऱ्याची पाभर चालली होती, आणि तिथून आमच्या घराची मुंबई सुरू झाली.

हे एका घराचं रडगाणं नाही. मुंबई राज्याचा कूळकायदा १९४८ चा. त्यात १९५६ साली मोठी दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ हा 'कृषक दिन' ठरला. त्या दिवशी जो कूळ म्हणून जमीन कसत असेल तो मालक मानला जाणार. किंमत आकाराच्या २० ते २०० पट, तीही हप्त्याहप्त्यानं, १२ हप्त्यांपर्यंत. ऐकायला गोड! पण मालकाला जमीन घरी कसायला पाहिजे असेल तर त्यानं ३१ डिसेंबर १९५६ पर्यंत नोटीस द्यावी आणि ३१ मार्च १९५७ पर्यंत अर्ज करावा, अशीही सोय त्याच कायद्यात होती. आणि ज्याला अर्जाची कटकट नको होती त्याच्यासाठी १९४८ पासूनची नऊ वर्षं मोकळी पडली होती. चोराला आधी सांगायचं की अमक्या तारखेला कुलूप लावणार आहोत, आणि मग कुलूप घ्यायला बाजारात जायचं, असला हा कारभार.

पुण्याच्या गोखले संस्थेचे दांडेकर आणि खुदानपूर यांनी या कायद्याची गावोगाव पाहणी केली. त्यांचा अहवाल १९५७ साली निघाला. हे काही लाल बावट्याचे लोक नव्हेत, अर्थशास्त्राचे पंडित. त्यांनाही लिहावं लागलं की कुळांनी 'स्वखुशीनं' जमिनी सोडल्याचे दाखले ढिगानं आहेत आणि त्या स्वखुशीवर भरवसा ठेवता येत नाही. स्वखुशी! ज्याच्या घरात दुसरा घास नाही तो स्वखुशीनं वावर सोडतो काय?

कायदा फुकट गेला असं आम्ही म्हणत नाही. लाखो कुळं त्यानं मालक झाली, त्यांची नातवंडं आज त्याच वावरात उभी आहेत. पण मालक झाला तो ज्याचं नाव १ एप्रिलपर्यंत कागदावर टिकलं तो. तोंडी बोलीवर कसणारा, मालकाच्या दाबाखालचा, नवरा मेल्यावर एकटीनं वावर सांभाळणारी बाई, ही माणसं त्या तारखेच्या आतच गळाली.

आता त्याच आठवड्यातली दुसरी गोष्ट ऐका. ५ एप्रिल १९५७ ला केरळात नंबुद्रीपादांचं कम्युनिस्ट सरकार शपथ घेऊन बसलं. जमिनीचा मोठा कायदा करायला त्यांना दोन वर्षं लागली, तो जून १९५९ मध्ये विधानसभेत मंजूर झाला. पण सहाव्या दिवशी, ११ एप्रिलला, त्यांनी एक छोटा वटहुकूम काढला: कुळाला कुणी जमिनीवरून हलवायचं नाही. आधी माणूस जागेवर धरून ठेवला, मोजणी, किंमत, कलमं मागाहून. ३१ जुलै १९५९ ला दिल्लीनं ते सरकार बरखास्त केलं, ही गोष्ट निराळी. तरी काम कुठून सुरू करायचं ते त्यांना कळलं होतं.

आपल्याकडं ही अक्कल नव्हती असं नाही. १९४३ ते १९४६ या काळात साताऱ्यात नाना पाटलांचं पत्री सरकार होतं. गावोगाव न्यायदान मंडळं, सावकाराकडं अडकलेल्या जमिनी सोडवायच्या, लग्नाचा खर्च कापून कर्जाचं मूळच छाटायचं. मोठ्या जमिनींचं सरसकट वाटप त्यांनी केलं नाही, हे कबूल केलं पाहिजे. पण त्यांचा निवाडा गावात, गावाच्या बोलीत व्हायचा. आमच्या आज्याच्या नशिबी आला तो इंग्रजीत लिहिलेला कायदा आणि न वाचता उठवलेला अंगठा. राज्य आपल्या भाषेत पाहिजे म्हणतो ते पाट्यांच्या हौसेसाठी नव्हे.

आणि सीमाभागाचं काय झालं? बेळगाव, निपाणी १ नोव्हेंबर १९५६ ला मुंबई राज्यातून काढून म्हैसूरला जोडली. कृषक दिन पाच महिन्यांवर आला होता! म्हैसूर सरकारनं १९५७ साली ती मालकीची कलमं तहकूब केली. इकडं कागलचं कूळ मालक होतंय, तिकडं हाकेच्या अंतरावर निपाणीचं कूळ कूळच राहिलं. त्याला खरी मालकी मिळायला १ मार्च १९७४ उजाडावा लागला. मधली सतरा वर्षं त्याला कोण भरून देणार?

पण आमच्याच मंडळींना टोचेल असंही एक सांगतो. कर्नाटकाचा १९७४ चा तो कायदा आमच्या कायद्यापेक्षा कडक होता. सैनिक आणि खलाशी सोडले तर 'घरी कसायची आहे' ही सबब मालकाला ठेवलीच नाही, आणि जमीन न्यायमंडळापुढं वकिलाला बंदी. उलट १९६० ला मराठी राज्य आल्यावर आम्ही काय केलं? १९६१ चा कमाल जमीन कायदा. कोरडवाहूला ठिकाण पाहून १२६ एकरांपर्यंत मर्यादा, आणि वाटण्या-खरेदीखतं तपासायची ती ४ ऑगस्ट १९५९ नंतरची. त्याआधी ज्यानं वाटून टाकलं तो सुटला. पुढं १९७५ ला मर्यादा ५४ एकरांवर आणली, तोवर कित्येक बड्यांची जमीन पुतण्यांच्या आणि सुनांच्या नावावर झोपी गेली होती. मराठीतून बोलणारा जमीनदारही जमीनदारच की!

म्हणून सभेला आलेल्या भावांना एक काम सांगतो. गावी गेलात की सातबारा काढा. 'इतर हक्का'त आज्याचं नाव कूळ म्हणून दिसतं का पाहा. ३२ ग खाली किंमत ठरली, पैसे भरले, पण ३२ म चं खरेदी प्रमाणपत्र घेतलंच नाही, अशी घरं अजून सापडतात. भरल्याची पावती पेटीत, कुलदैवताच्या टाकाखाली असेल, ती शोधा. जुने फेरफार आणि पीकपाहणीच्या नकला तहसील कचेरीतून मागून घ्या. विकत घ्यायला दलाल दारात आला तर आधी हे कागद कुणा जाणत्याला दाखवा, अंगठा-सही मागाहून.

जुन्नर-आंबेगावकडच्या मंडळींनी सभा सुटल्यावर मंडपाच्या डाव्या कोपऱ्यात थांबावं. आमच्यातले दोघे तिथं कागद वाचायला बसणार आहेत.