इक्रित आणि आपलं बिदर


गालिलातलं इक्रित हे ख्रिस्ती गाव इस्रायली सैन्यानं १९४८ मध्ये ‘पंधरा दिवसांसाठी’ रिकामं केलं. १९५१ मध्ये न्यायालयानं परतीचा हक्क मान्य केला, तर नाताळच्या आदल्या दिवशी घरंच पाडली. चर्च उरलं. तिथं आज मेलेल्यांना जागा मिळते, जिवंतांना नाही.

आपण हळहळतो. पण त्याच साली आपल्याकडं? आधी रझाकारांच्या भीतीनं हिंदू कुटुंबं पळाली. पोलीस ॲक्शननंतर मुसलमान मारले गेले, त्यांची घरं-शेतं बळकावली गेली. सुंदरलाल समितीनं सर्वांत होरपळलेल्या चार जिल्ह्यांत बिदर, गुलबर्गा धरले. अहवाल दडपला गेला. मी वर्षानुवर्षं इतिहास शिकवला, हे पान पुस्तकात नव्हतं.

इक्रितसाठी प्रार्थना जरूर करू. शेजारचा पडका वाडा कुणाचा होता, हेही नातवंडांना सांगू या.

— एक निवृत्त शिक्षक, मन्नाएखेळ्ळी