मोठ्या तोफेची चिमूटभर गरज

अकोल्याची मंडळी नरनाळ्यावरची नऊगजी तोफ पाहायला जातात, अमरावतीची चिखलदऱ्याहून गाविलगडाकडे वळतात. मुलांचा प्रश्न दोन्हीकडे एकच: ही तोफ आता उडेल का? वडीलधारे हसून म्हणतात, ते दिवस गेले. तोफेचे दिवस गेले हे खरे. तिच्या दारूचे मात्र गेलेले नाहीत.

सोरा, गंधक आणि कोळसा यांची ही काळी दारू. 29 नोव्हेंबर 1803 रोजी अकोला जिल्ह्यातल्या अडगावच्या रणात आणि 15 डिसेंबरला गाविलगड पडला त्या दिवशीही भोसल्यांकडे आणि वेलस्लीकडे हीच दारू होती. पुढे 1884 मध्ये फ्रान्सच्या पॉल व्हिएलने बिनधुराची दारू काढली. ती कितीतरी जोरकस, शिवाय शत्रूला धूर दिसत नाही. काळी दारू मागे पडली, असे इतिहासाची पुस्तके सांगतात आणि तिथेच थांबतात.

पण नव्या दारूला एक खोड आहे. भोवती दाब नसेल तर ती नीट पेट घेत नाही. आपल्या घरातल्या बायांना हे समजावून सांगायला नको. चुलीत बाभळीचे जाड लाकूड घातले आणि नुसती काडी लावली, तर ते पेटते का? आधी पऱ्हाटी लागते. काळी दारू ही तोफेतली पऱ्हाटी. कमी दाबातही ती भसकन पेटते आणि तिच्या ज्वाळेबरोबर तापलेले घन कण मुख्य दारूच्या गठ्ठ्यात सर्वत्र घुसतात. ज्या धुरासाठी तिला नावे ठेवली तो याच कणांचा. 155 मिलिमीटरच्या तोफेत दारूच्या पिशवीच्या बुडाशी काळ्या दारूची चपटी थैली शिवलेली असते, ती यासाठीच. पेट असमान झाला तर तोफेत दाबाच्या लाटा उठतात आणि तोफच फुटायची भीती. रात्री रणांगण उजळणाऱ्या गोळ्यातून छत्रीसकट दिवा बाहेर ढकलण्याचे कामही पुष्कळदा हिच्याचकडे. काही ठिकाणी पर्याय आले आहेत, पण ते महाग, आणि सगळीकडे चालत नाहीत.

बँकेत असताना विहिरीच्या कर्जाची पाहणी करायला मी वऱ्हाडात पुष्कळ हिंडलो. काळी माती संपून खडक लागला की सुरुंग आला. त्या सुरुंगाच्या वातीच्या पोटातही हीच दारू. त्याच नोकरीत दुसरीही एक गोष्ट पाहिली: लाखोंचे प्रकरण एका सातबाऱ्यावाचून अडून बसते. तोफांच्या बाबतीत नेमके हेच घडू शकते. अमेरिकेत लष्कराला काळी दारू पुरवणारा देशातला एकच कारखाना उरला होता, लुइझियानातल्या मिंडनचा. जून 2021 मध्ये तिथे स्फोट झाला, सप्टेंबरात मालकांनी कारखाना बंद करत असल्याचे जाहीर केले. 2022 च्या सुरुवातीला नवा मालक मिळाला म्हणून निभावले. युक्रेनचे युद्ध पेटले ते त्याच वर्षी, आणि 155 मिलिमीटरच्या गोळ्यांसाठी जगभर धावाधाव सुरू झाली.

आपण स्वावलंबनाचा हिशेब तोफा आणि गोळे मोजून मांडतो. या थैलीची मोजदाद कोण करतो? खप थोडा, नफा थोडा, धोका मात्र मोठा, कारण एका ठिणगीचे निमित्त पुरते. शिवाय हे हातखंड्याचे काम आहे. कोळसा कुठल्या लाकडाचा, घोटाई किती वेळ, यावर दारूची चाल बदलते. असा धंदा एकदा मोडला की लगेच उभा राहत नाही. कोणी कर्ज मागायला आला असता तर मीही दहादा विचार केला असता!

हा धोका विदर्भाला परका नाही. बडनेऱ्याहून वर्धेकडे जाताना पुलगाव लागते. तिथल्या लष्करी दारूगोळा भांडारात 31 मे 2016 रोजी आगीत 19 जण गेले. नागपूरजवळ चाकडोहला 17 डिसेंबर 2023 रोजी नऊ कामगार गेले आणि 13 जून 2024 रोजी धामण्याच्या स्फोटक कारखान्यात पुन्हा तेच. तिथल्या मृतांत बहुतेक बाया होत्या, आसपासच्या खेड्यांतून रोजीवर आलेल्या. हे अपघात काळ्या दारूच्याच खात्यावर मांडता येणार नाहीत. पण ती बनवायला उद्या जे हात लागतील ते याच खेड्यांतले असतील, आणि त्यांच्या मजुरीचा, शिक्षणाचा, विम्याचा खर्च गोळ्याच्या किमतीत धरला आहे की नाही, हे खरेदीच्या कागदावर दिसायला हवे.