अपील म्हणजे दुसरा खटला नव्हे!

मिर्झापूरच्या एका भांडी-कारखानदाराकडे 1951 सालचे एक पेटंट होते. लेथवर वेगाने फिरणारे भांडे निसटून कामगारास इजा होऊ नये, म्हणून ते दुसऱ्या बाजूने टोकदार आधाराने दाबून धरावयाचे, ही त्यातील युक्ती. प्रतिस्पर्ध्याने तीच पद्धत वापरली आणि वाद न्यायालयात गेला. अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने पुरावा तपासून, यात नवे काही नाही, असे म्हणत पेटंट रद्द केले. खंडपीठाने तो निर्णय फिरविला. अखेर 1978 साली सर्वोच्च न्यायालयाने खंडपीठाचा निकाल रद्द करून पहिलाच निर्णय कायम केला. जेथून निघालो तेथेच परत! दरम्यान 1911 च्या कायद्याने पेटंटला दिलेली 16 वर्षांची मुदत केव्हाच उलटून गेली होती.

‘बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्थान मेटल इंडस्ट्रीज’ हा खटला आजही प्रत्येक पेटंट-वादात उद्धृत होतो. संशोधन कशास म्हणावे, यासाठी तो वाचला जातो. परंतु वरच्या न्यायालयाने आपला हात कोठे आखडता घ्यावा, हा त्यातील दुसरा धडा मात्र दुर्लक्षित राहतो.

नावीन्य आणि संशोधक-पाऊल हा कायदा व वस्तुस्थिती यांचा मिश्र प्रश्न आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने त्याच निकालात सांगितले. त्यातील वस्तुस्थितीचा भाग कोण पाहतो? ज्याच्यासमोर तज्ज्ञाची उलटतपासणी होते, तो मूळ न्यायाधीश. साक्षीदार कोठे अडखळला, कोणत्या प्रश्नाला त्याने बगल दिली, हे कागदावर उतरत नाही. खंडपीठापुढे येतो तो केवळ कागद. तोंडी साक्षींत परस्परविरोध असेल तेथे मूळ न्यायाधीशाचे मत सहजासहजी उलथू नये, हे सर्वोच्च न्यायालयाने 1950 सालीच सरजू प्रसाद खटल्यात बजावले होते. अंतरिम आदेशांच्या बाबतीत 1990 च्या ‘वांडर विरुद्ध अँटॉक्स’ निकालाने तर लक्ष्मणरेषाच आखून दिली: मूळ न्यायालयाचा विवेकाधिकार मनमानी, लहरी वा प्रस्थापित तत्त्वांविरुद्ध वापरला गेला असेल तरच हस्तक्षेप करावा, ‘आम्ही असतो तर वेगळे ठरविले असते’ एवढे कारण पुरेसे नाही.

मग ही रेषा वारंवार का ओलांडली जाते? सांगितले जाते की, पेटंटचे प्रश्न गहन असतात, त्यांवर अधिक न्यायमूर्तींची दृष्टी पडलेली बरी. हा युक्तिवाद वरकरणी रास्त वाटतो. पण गहनता जितकी अधिक, तितका प्रत्यक्ष साक्ष ऐकणाऱ्याचा अधिकार मोठा की लहान? पेटंटमधील दाव्याच्या शब्दांचा अर्थ हा कायद्याचा प्रश्न असेल, तर वरच्या न्यायालयाने तो खुशाल स्वतंत्रपणे लावावा. चूक सुधारण्यासाठीच अपील असते. परंतु शास्त्रज्ञांच्या साक्षीवर आधारलेले निष्कर्ष त्याच सहजतेने मोडणे ही सुधारणा नव्हे. ती फेरसुनावणी होय.

भारताला बौद्धिक संपदेचे धडे देणाऱ्या आणि आपल्या अहवालात वर्षानुवर्षे आपल्यावर ‘प्राधान्य निरीक्षण सूची’चा शिक्का मारणाऱ्या अमेरिकेचे काय? तेथील पेटंट-अपील न्यायालय दीर्घकाळ दाव्यांचा अर्थ प्रत्येक वेळी कोऱ्या पाटीवर लावीत असे. 2015 साली ‘तेवा विरुद्ध सँडोझ’ खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने सात विरुद्ध दोन मतांनी त्यास आवर घातला. कोपॅक्सोन या औषधाच्या पेटंटमधील ‘रेणुभार’ या शब्दाचा वाद होता. दस्तऐवजाचा अर्थ स्वतंत्रपणे लावा, पण त्यामागील वस्तुस्थितीचे निष्कर्ष उघड चूक असल्याशिवाय हलवू नका, असा तो निर्णय. आपण हा विवेक 1950 पासून जाणतो. उणीव आहे ती आचरणाची.

आचरण अशक्य नाही. रिस्डिप्लाम या दुर्मिळ आजारावरील औषधाबाबत दिल्लीच्या एकसदस्यीय पीठाने मार्च 2025 मध्ये अंतरिम मनाई नाकारली. ऑक्टोबरमध्ये खंडपीठाने तो आदेश कायम ठेवला आणि त्याच महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने हस्तक्षेपास नकार दिला. तीन पायऱ्या, सात महिने! याउलट एर्लोटिनिब या कर्करोगावरील औषधाचा 2008 साली सुरू झालेला वाद 2015 अखेर खंडपीठाने निकाली काढला, तेव्हा पेटंटचे जेमतेम चार महिने उरले होते. मनाई देण्यात अर्थच राहिला नव्हता.

पेटंटचे आयुष्य 20 वर्षांचे. अनिश्चिततेत गेलेले प्रत्येक वर्ष संशोधकाचे तरी असते, नाहीतर स्वस्त औषधाची वाट पाहणाऱ्या रुग्णाचे. म्हणून मूळ न्यायाधीशांनी वस्तुस्थितीचे निष्कर्ष कायद्याच्या निष्कर्षांहून वेगळे नोंदवावेत. पेटंट कायद्याच्या कलम 115 नुसार वैज्ञानिक सल्लागार नेमण्याचा अधिकार तेथेच, पहिल्या पायरीवर, वापरावा. आणि खंडपीठाने साक्षीवरचा निष्कर्ष फिरविताना, तो चुकीचा का याहून अधिक, तो अशक्य का, हे लिहावे. वरिष्ठ न्यायासनाची प्रतिष्ठा किती निकाल फिरविले यावरून ठरत नाही. ती संयमाने वाढते.