जुनं ते स्टील!

गेल्या बुधवारी रात्री सव्वाअकराला मोबाइल वाजला. या वेळचा फोन म्हणजे एकतर सर्व्हर झोपलाय, नाहीतर कुणाचा तरी ब्रेकअप. पण पलीकडे आमच्या टेस्टिंग टीममधला पोरगा होता आणि आनंदानं जवळजवळ किंचाळत होता.

"सर, राले मिळाली! ओरिजनल! जुन्या बाजारात, पाच हजारांत! फ्रेमवर 531चं स्टिकर पण आहे. आता फक्त एवढं सांगा, पावडर कोटिंग कुठे चांगलं करून देतात? मॅट ब्लॅक करायचा विचार आहे."

"काहीही करू नकोस," मी म्हणालो. "पॉलिशपेपरला हातसुद्धा लावू नकोस. रविवारी सायकल घेऊन घरी ये."

फोन ठेवला तर बायको विचारतेय, "कुणाचं ऑपरेशन आहे का?"

आता ज्यांना या आजाराची लागण झालेली नाही, त्यांच्यासाठी थोडक्यात. आमच्या कोथरूडच्या टू बीएचकेच्या बाल्कनीत चार सायकली आहेत. पैकी दोन चालतात, एकीला चाकं नाहीत आणि चौथी अजून पोत्यात आहे. चारही स्टीलच्या, चारही माझ्याहून वयानं मोठ्या. वळणदार हँडल, गियरचे दोन चिमुकले दांडे खालच्या नळीवर, पायडलला चामडी पट्टे. इटलीतल्या गायोले इन कियांती गावात 1997 पासून ‘लेरोइका’ नावाची एक राइड होते. तिथे साधारण 1987च्या आधीचीच रेसिंग सायकल चालते, आणि ब्रेकच्या वायरी हँडलच्या टेपखाली लपवलेल्या नकोत, बाहेर दिसायला हव्यात. आम्हा आजारी लोकांची ‘जुनी’ची व्याख्या साधारण हीच.

आमच्या ऑफिसात कार्बन फायबरवाल्यांची एक गँग आहे. त्यातला एकजण सायकलीचं वजन बायकोच्या वाढदिवसापेक्षा नीट लक्षात ठेवतो. त्याला मी एवढंच सांगतो, की 1972 मध्ये एडी मर्क्सनं मेक्सिको सिटीत एका तासात 49.431 किलोमीटर कापले, ते स्टीलच्या कोल्नागोवर, आणि तिचं वजन होतं पावणेसहा किलो. आजच्या रेसिंगमध्ये 6.8 किलोपेक्षा हलकी सायकल नियमातच बसत नाही! (तिला ब्रेकही नव्हते आणि गियरही, हे मी त्याला सांगत नाही. वादात सगळं सांगायचं नसतं.)

या स्टीलमध्ये एवढं काय असतं? टेस्टिंगवाला ज्या 531वर नाचत होता, ती रेनॉल्ड्सची मँगनीज-मॉलिब्डेनमची नळी, 1935 सालची. चांगल्या फ्रेममध्ये ही नळी टोकांना जाड आणि मधे जेमतेम अर्धा-पाऊण मिलिमीटर असते. जोर जिथे येतो तिथे मटेरियल, बाकी ठिकाणी काटकसर. एकदम पुणेरी डिझाइन. नळ्या जिथे एकमेकींना भेटतात तिथे ‘लग’ नावाची पोलादी टोपणं, आणि आत पितळेचा डाख. या लगच्या कडा कारागीर कानशीनं घासून पातळ करायचे, महिरपीसारखा आकार द्यायचे. जुन्या फ्रेमवरून बोट फिरवलं की ती कड लागते. मला तरी पहिल्यांदा वेड लागलं ते याच कडेमुळे.

आणि ही काही फक्त साहेबाची गोष्ट नाही बरं का. 1960 मध्ये नॉटिंगहॅमची राले ‘ट्यूब इन्व्हेस्टमेंट्स’ या ब्रिटिश ग्रुपकडे गेली. रेनॉल्ड्सही त्याच घरातली. आणि याच टीआयनं 1949 मध्ये मुरुगप्पा मंडळींबरोबर मद्रासमध्ये टीआय सायकल्स काढली होती. म्हणजे तुम्ही जी हर्क्युलस किंवा बीएसए घेऊन शाळेत गेलात, ती या सगळ्यांची मद्रासची चुलत बहीण.

असो. मुद्द्यावर येतो, कारण मुद्दा टाळायचा माझा स्वभाव आहे, विशेषतः हा.

माझी पहिली राले मला 2018 मध्ये मिळाली. सदाशिव पेठेतला एक वाडा पडायचा होता. एका मित्राच्या ओळखीचे काका, साठी उलटलेले, सामान आवरत होते. माळ्याखाली, गोधड्यांच्या मागे ती उभी होती. भाऊ मर्चंट नेव्हीत होता, त्यानं 1974 मध्ये इंग्लंडहून आणलेली. हेडट्यूबवर रालेचा तो बगळा, काळवंडलेला. रंग मूळचा निळा असावा. आणि वरच्या दांडीवर पांढऱ्या अक्षरांत, पेंटरकडून काढून घेतलेलं त्यांचं आडनाव आणि पुढे ‘पुणे’.

"मुंबई-पुणे केलीये हिच्यावर," काका म्हणाले. "तीनदा. एकदा तर घाटापर्यंत चांगला पहिल्या दहात होतो. ‘घाटाचा राजा’ वगैरे आपलं काम नव्हतं, पण पहिल्या दहात होतो."

दांडीवर एक खळगा होता, अंगठा बसेल एवढा. बोरघाटात, शिंग्रोबाच्या देवळाच्या थोडं अलीकडे पुढच्याचं चाक लागून पडले, हँडल गर्रकन फिरलं आणि दांडीवर आपटलं. उठून पुन्हा चढले. पैसे घ्यायला तयार नव्हते. मीच आग्रह करून सहा हजार दिले. जाताना म्हणाले, "झाली की दाखवायला आण हं."

मग सुरू झालं माझं ‘प्रोजेक्ट’. एक्सेल शीट केली होती, हसू नका. पहिले दोन महिने नुसतं उघडण्यात गेले. अॅल्युमिनियमची सीटपोस्ट स्टीलच्या नळीत गंजून अशी बसली होती की जणू गर्भातच जुळून आलीय. आठ दिवस आत तेल सोडत राहिलो तेव्हा हलली. मग बॉटमचे कप. उजवीकडचा कप उलट्या आट्यांचा असतो, घड्याळाच्या दिशेनं फिरवला की सुटतो, हे मला माहीत नव्हतं. मी दोन संध्याकाळी घाम गाळून तो आणखी घट्ट केला! नवा कप आणला तर बसेना, कारण बाकीच्या इंग्लिश सायकलींना इंचाला 24 आटे आणि रालेनं आपल्या नॉटिंगहॅमच्या बऱ्याच सायकलींना ठेवलेले 26. मोठ्या कंपनीची मुजोरी, दुसरं काय? टायरचंही तेच. चाक 27 इंची, म्हणजे आजच्या 700चंच जुनं नाव असेल असं समजून टायर मागवले. 27 इंची रिमचा टायर बसायचा व्यास 630 मिलिमीटर, 700चा 622. आठ मिलिमीटरसाठी टायर परत.

पण हे सगळं निस्तरलं. छर्रे नवे टाकले, कोन बदलले, आमच्या गल्लीतल्या सायकलवाल्यानं चाकांचा आउट असा काढला की चाक फिरतंय की थांबलंय कळेना. चूक झाली ती याच्या मधेच, एका मंगळवारी, लंच ब्रेकमध्ये. भोसरीतल्या एका वर्कशॉपमध्ये फ्रेम दिली. सॅण्डब्लास्टिंग, खळगा भरून सपाट, वर पावडर कोटिंग, रंग नारिंगी. माझीच ऑर्डर, माझ्याच सहीची. त्यांनी सांगितलं तसं चोख केलं.

दिसायला लागली हो झकास. फोटो टाकले, लाइक्सचा पाऊस. फक्त लगच्या कडेवरून बोट फिरवलं तेव्हा काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. पावडरचा थर जाड असतो, ती पातळ कड त्याखाली बुजली होती. मी तिकडे दुर्लक्ष केलं.

आणि ठरल्याप्रमाणे काकांना बोलावलं. ते नव्या फ्लॅटमधून, वारज्याहून, रिक्षानं आले. इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. मी बाल्कनीचं दार उघडलं. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग पुढे झाले, हँडल धरलं, ब्रेक दाबून बघितला. आणि अंगठा दांडीवरून सावकाश मागे-पुढे फिरवला. एकदा. परत एकदा. मला आधी कळेना, काय करतायत. मग कळलं. खळगा शोधत होते.

"छान झालीये," म्हणाले. "अगदी नवी झालीये."

चहा झाला. उठताना त्यांनी शर्टाच्या खिशातून काहीतरी काढलं आणि माझं लक्ष जायच्या आत परत ठेवलं. पण मी पाहिलं होतं. पत्र्याचा बिल्ला होता, सायकलीला जुन्या काळी महापालिकेचा लागायचा तो. सायकलीवर परत लावायला म्हणून आणला असणार. तो ते घरी घेऊन गेले.

त्या रात्री मला झोप लागली नाही. दुसऱ्या दिवशी फोन केला, म्हटलं, काका, मी पेंटर शोधतो, नाव पुन्हा तसंच काढून घेऊ. "नको रे," ते म्हणाले, "आता तुझी आहे ना ती." रागानं नाही, अगदी सहज म्हणाले. रागावले असते तर बरं झालं असतं.

तेव्हापासून माझा नियम बदलला. आता आलेली सायकल आधी फक्त धुतो, भांड्यांच्या साबणानं आणि मऊ फडक्यानं. मग फोटो, प्रत्येक ओरखड्याचा. क्रोमवरच्या वरवरच्या गंजाला पाण्यात बुडवलेला अॅल्युमिनियम फॉइलचा बोळा पुरतो, पितळेच्या बिल्ल्याला स्वयंपाकघरातली चिंच. वर मेणाचा हात. रंग उडालाय तिथे उडालेलाच राहू देतो.

मात्र उलट टोकाचे भक्तही मला सहन होत नाहीत. कशालाही ‘पॅटिना’ म्हणतात! नळीला आतून खाणारा गंज म्हणजे पॅटिना नव्हे, तो गंजच. ब्रेकचे रबर, वायरी आणि टायर मी कधीच जुने ठेवत नाही, मग ते कितीही ओरिजनल असोत. जुन्या अॅल्युमिनियमच्या हँडलला केसाएवढी चीर दिसली तरी ते सरळ भंगारात. चांदणी चौकाच्या उतारावर इतिहास कामाला येत नाही, ब्रेक येतो. कर्वेनगरला विक्रम पेंडसे यांचं सायकलींचं संग्रहालय आहे, तिथे चक्कर मारलीत तर न छेडलेली सायकल कशी दिसते ते कळेल. माझ्या घरी येऊन नाही कळणार. माझ्या घरी नारिंगी आहे.

तर रविवारी टेस्टिंगवाला आला. राले बाल्कनीत उलटी ठेवली आणि त्याला ही सगळी गोष्ट सांगितली, तेवढा बिल्ला सोडून. तो ऐकत होता, पण नजर मॅट ब्लॅकवरच. मग बादली दिली हातात, म्हटलं, धू. सीटखालच्या नळीवरचा काळा चिकटा निघाला तसं एक जुनं दुकानाचं स्टिकर दिसायला लागलं. दुकानाचं नाव केव्हाच गेलंय. खाली फक्त ‘लष्कर, पुणे’ आणि पाच आकडी फोन नंबर.

त्यानं फडकं खाली ठेवलं. मोबाइल काढून फोटो घेतला. मग बराच वेळ नुसताच बघत बसला.

"सर," शेवटी म्हणाला, "ही सीटपोस्ट हलतच नाहीये."

तेल आणायला मी आत गेलो.