गाळलेलं तेल, गाळलेला डेव्हलपर
दिवाळीत चकल्या तळून उरलेलं तेल आपण गाळून ठेवतो. ऑफसेट छपाईच्या प्लेट बनवणारे डेव्हलपरचं तेच करतात. अ‍ॅल्युमिनियमच्या पॉझिटिव्ह प्लेटवरच्या प्रकाशसंवेदी थराचा नको असलेला भाग डेव्हलपर नावाच्या या जहाल अल्कलीत विरघळतो (सामू साधारण १२-१३, हातमोजे न घालणाऱ्या वीरांना दुरूनच नमस्कार). थोडा भाग मात्र न विरघळता गाळ होऊन टाकीत फिरतो, रोलरवर बसतो, पुढच्या प्लेटला चिकटतो. पंपाच्या वाटेवरचा फिल्टर हा गाळ अडवतो, टाकी उपसण्याची पाळी लांबते, पैसे वाचतात. पण विरघळलेला थर कुठली गाळणी अडवणार? त्यात हवेतला कार्बन डायऑक्साइड अल्कलीला गुपचूप खात असतो. दिवसभर एकही प्लेट काढली नाही, तरी उघड्या टाकीतला द्राव मंदावतो. म्हणून ताजा रिप्लेनिशर (अल्कलीची भर घालणारा द्राव) घालत राहायचा, आणि तरीही एक दिवस सगळा द्राव बदलायचाच. ‘नितळ दिसतोय की अजून’ म्हणत आणखी आठवडा ढकलणारे मालक मला ठाऊक आहेत. मग प्लेटवरचा थर पुरता निघत नाही, आणि छापताना कोऱ्या जागेत शाईची झाक उमटली, की बोलणी खातो तो बिचारा मशीनवाला.