शोभेची म्हणवली गेलेली एक कामकरी गाठ

१/
शिडाच्या जहाजांवरील गाठी आज बहुधा फळ्यावर ओळीने ठोकलेल्या, ‘शोभेच्या गाठी’ या नावाखाली पाहायला मिळतात. हे नाव खलाशांवर अन्याय करणारे आहे.

२/
छिद्रातून ओवलेला दोर ताण येताच निसटू पाहतो. त्याला अडवायला टोकाशी गाठ हवी. साधी निरगाठ तिथे अपुरी पडते. ती आकाराने लहान असते आणि भाराखाली इतकी आवळते की सुटता सुटत नाही.

३/
त्यावरचा एक उपाय म्हणजे मॅथ्यू वॉकर गाठ. दोराचा पीळ उलगडून तिन्ही पेड सुटे करायचे, प्रत्येक पेडाने इतरांना वेढा घालून तो स्वतःच्याच फासातून वर काढायचा आणि मग सर्व बाजूंनी सारखे आवळत जायचे. भार तिन्ही पेडांवर समान पडतो, म्हणूनच गाठ रेखीव दिसते. तो रेखीवपणा वरून चढवलेला साज नव्हे.

४/
डोलकाठीला तोलून धरणारे जाड दोर तीन छिद्रांच्या लाकडी चकत्यांतून ताणले जात. या चकत्यांना ‘डेडआय’ म्हणत. त्यांत ओवलेल्या दोरीच्या टोकाला ही गाठ असे. ऐन वादळात ती निसटली, तर डोलकाठीचा आधारच ढिला पडायचा!

५/
डार्सी लीव्हर यांच्या १८०८ सालच्या ‘द शीट अँकर’ या ग्रंथात हे नाव आढळते. हा वॉकर कोण, ते इतिहासाला ठाऊक नाही. दंतकथा मात्र आहे. फाशीची शिक्षा झालेल्या खलाशाला, पूर्वी स्वतः खलाशी असलेल्या न्यायाधीशाने अट घातली: मला बांधता वा सोडवता येणार नाही अशी गाठ दाखव, तुला माफी. त्याने दहा वाव दोर घेतला, निम्म्यापर्यंत उलगडला, मध्यभागी गाठ मारली आणि उरलेला दोर पुन्हा वळून टाकला. कथा रचलेली असेलही. पण हाती लेखणी नसलेल्या वर्गाने आपल्या कसबाचे मोल प्राणाइतके मानले, ही साक्ष तिच्यात आहे.

६/
एकोणिसाव्या शतकात तारेचे दोर आले, पुढे लोखंडी स्क्रूंनी डेडआयची जागा घेतली. काम गेले, रूप उरले; ‘शोभेची’ हा शिक्का बसणे मग सोपे झाले. क्लिफर्ड अ‍ॅशले यांनी १९४४च्या आपल्या ग्रंथात ३,८०० हून अधिक नोंदी केल्या, त्या गाठींच्या उपयोगांसकट. नंतरच्या अनेक छंदपुस्तकांनी त्यातील आकृत्या तेवढ्या उचलल्या.

७/
दोरीची कडी असलेल्या लाकडी बादलीच्या कानातून मात्र हीच गाठ अजूनही भार पेलते.